यादीतली दुसरी ओळ

नारायणगावच्या बाजारपेठेत दलीचंद कटारियांचं भांड्यांचं दुकान आहे. वय एकाहत्तर, आवाज खणखणीत. माणूस शिस्तीचा, आणि शिस्तीपेक्षा हट्टाचा जास्त. लॉकडाउनमध्ये नात रिद्धीकडून ते मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करायला शिकले आणि घरात या विषयातले जाणकार होऊन बसले. सुरुवातीला एकदा गावच्या जैन संघाच्या बैठकीत चातुर्मासाच्या कार्यक्रमाऐवजी गॅस बुकिंगचं पान लावलं होतं. पाऊण तास सगळ्यांनी निमूटपणे सिलिंडरचा नंबर पाहिला. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, उपवास सोडून झाले की, कटारियांची सगळी घरं एकमेकांची क्षमा मागतात. पूर्वी घरोघर जायचे. आता माणसं पुणे, नगर, हैदराबाद अशी पांगली, म्हणून सकाळी दहाला मीटिंग असते. दलीचंद थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सगळ्या घरांची यादी पडद्यावर लावतात आणि एकेक नाव वाचतात. ते घर हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतं, म्हणजे आमचं चुकलंमाकलं माफ करा. बाकीची घरंही तेच म्हणतात. वर्षाचं वैर या दिवसापुढं न्यायचं नसतं.

दलीचंदांनी मात्र एक वैर चांगलं दोन वर्षं ओढलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ सुवालाल मंचरला राहतो. त्याच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत दलीचंदांचं नाव सुवालालच्या मेहुण्याच्या खाली छापलं गेलं. छापणाऱ्याची चूक झाली, असं सुवालाल पाया पडून सांगून गेला, पण यांचा राग काही उतरला नाही. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला ते गेले नाहीत. तेव्हापासून येणंजाणं बंद. सुवालाल या मीटिंगलाही येईनासा झाला. यंदा रिद्धीनं यादी टाइप करताना दुसऱ्या ओळीत त्याचं नाव घातलं, तर यांनी ते काढायला लावलं. येत नाही त्याचं नाव कशाला, म्हणाले. बायको कस्तुरबाई एवढंच म्हणाल्या, की आजच्या दिवशी तरी राहू द्यायचं होतं. दलीचंदांनी कानाडोळा केला.

यादी लावली की त्यांना समोर फक्त यादी दिसायची. माणसांच्या चौकटी कडेला जाऊन नखाएवढ्या व्हायच्या, त्यामुळं कोण आलं, कोण गेलं, याचा पत्ता लागत नसे. त्यांनी आधी स्वतःचं नाव वाचलं, मग थेट चुलतभावाचं. तिसरं वाचणार तोच आवाज आला.

“भाऊ, मी आलोय. सुवालाल.”

यादी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडी होती आणि तिच्यात भावाचं नाव नव्हतं. रिद्धीच्या हातून टाइप करायचं राहिलं, असं म्हणून सुटता आलं असतं. पोरगी शेजारीच बसली होती, ती काही बोलली नसती. पण क्षमेच्या दिवशी नातीच्या डोक्यावर खापर फोडायला त्यांची जीभ उचलेना.

“सुवालाल, तुझं नाव चुकून राहिलं न्हाई,” ते म्हणाले. “मी काढायला लावलं.”

मग पहिल्या ओळीखाली जागा करून एका बोटानं त्यांनी नाव लिहायला घेतलं. रिद्धीनं हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. एकेक अक्षर शोधावं लागत होतं. दोनदा चुकलं, दोनदा खोडलं, आणि एकतीस घरं ते बघत होती. एरवी याच माणसांना दोन मिनिटं गप्प बसवत नाही. ‘सुवालाल कटारिया, मंचर’ असं पुरं झाल्यावर दलीचंदांनी ते मोठ्यानं वाचलं आणि हात जोडले.

“पत्रिकेचं काय न्हाई रे. लग्नाला मी यायला पायजे व्हतं. मिच्छामि दुक्कडम्.”

उत्तर आलं नाही. भाऊ उठून गेला असं वाटून त्यांचा जीव कासावीस झाला. यादी बंद केली तर माणसं दिसतील, असं रिद्धीनं हळूच सांगितलं. त्यांनी शेअरिंग थांबवलं आणि चौकटी मोठ्या झाल्या. सुवालालच्या चौकटीत काळा चष्मा लावलेला, दाढी वाढलेला एक म्हातारा रुमालानं गाल पुसत होता. दोन वर्षांत तो इतका वाळला असेल, असं दलीचंदांच्या मनातही आलं नव्हतं. सून शेजारी फोन धरून बसली होती. तिनं सांगितलं, की एका डोळ्याचं ऑपरेशन मागल्या गुरुवारी झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. अर्ध्या तासाच्या वाटेवर भावाचं ऑपरेशन झालं आणि थोरल्याला खबर नव्हती. दलीचंदांना स्वतःची लाज वाटली.

“भाऊ, मला ती यादी दिसतच न्हाई,” सुवालाल म्हणाला. “कुणाचं नाव हाय, कुणाचं न्हाई, मला काय ठावं? तुमचा आवाज ऐकायला बसलो व्हतो.”