बांधावरून खाली उतरलेली बाई

जनार्दन गेल्याचा फोन त्याच्या मुलीने केला, तेव्हा मी तिला पहिला प्रश्न विचारला तो, "तुला कुणी सांगितलं?" ती बिचारी त्याच्या उशाशीच बसलेली होती. पण माझी सगळी नोकरी विम्याच्या दाव्यांची चौकशी करण्यात गेली. माणूस गेला म्हटलं की आधी शंका घ्यायची, दुःख मागाहून, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. त्यात जनू म्हणजे शाळेपासूनचा थापाड्या. नवीन पनवेलहून रिक्षा करून मी उरणच्या बाजूला त्याच्या गावी निघाले, तरी मनात हेच की हा ओट्यावर बसलेला असणार आणि मला बघून गालातल्या गालात हसणार... ओटा माणसांनी भरला होता आणि त्यात जनू नव्हता. तेव्हा कुठे मला रडू आलं.

आम्ही पनवेलच्या शाळेत एका वर्गात होतो. तो गावाहून एसटीने यायचा. एकदा शाळेने पटांगणात पडदा लावून एक सिनेमा दाखवला. हरवलेलं वासरू शोधत गावोगाव फिरणाऱ्या एका मुलाची गोष्ट होती. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना तो अजून तोंडपाठ आहे. त्यात मिठागराचा एक प्रसंग आहे. बांधावरून एक म्हातारा येतो, समोरून डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेतलेल्या बायका येतात. सगळ्या पुढे निघून जातात, पण एक तरुण बाई थबकते, पदर डोक्यावर ओढते आणि बांधावरून खाली, चक्क पाण्यात उतरून म्हाताऱ्याला वाट देते. मग कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघून हसते. एवढंच. तेवढ्यात आमच्यातून जनू उठून उभा राहिला आणि म्हणाला, "ती माजी आई हाय." मास्तरांनी त्याला दंडाला धरून खाली बसवलं.

त्याची आई तो अगदी लहान असताना गेली होती. तिचा एकही फोटो नव्हता. म्हणजे ती बाई त्याची आई नसेल, तर आईचा चेहरा त्याच्याकडे कुठेच नव्हता. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी माझा विश्वास बसत नव्हता.

निवृत्तीनंतर त्याने एक नवंच खूळ काढलं, सिनेमातल्या जागा शोधायचं. वासरू दिसतं ते देवळाचं तळं, मुलगा झोपतो तो धक्का... एकेक सापडत गेलं. राहिलं ते मिठागर. त्याच्या जुन्या गाडीतून आम्ही द्रोणागिरीच्या बाजूला किती चकरा मारल्या असतील! जिथे मिठाच्या राशी होत्या तिथे आता कंटेनरच्या थप्प्या, गोदामं, रस्ताभर उभे ट्रेलर. उरल्या जागेत खाजणातल्या खारफुटीचं, तिवराचं रान माजलेलं. मला पहिला संशय आला तो हा की सिनेमा नुसतं निमित्त आहे, हा एखादा प्लॉट हेरत असणार. या भागात दोन माणसं मोकळ्या जमिनीकडे बोट दाखवत उभी असली की तिसऱ्याच्या मनात दुसरं काही येतच नाही. एका गोदामाच्या वॉचमनने तर आम्हाला हटकलंच, "किस पार्टी के आदमी हो?" जनू गंभीरपणे म्हणाला, "पिक्चरवाले."

दुसरा संशय जास्त पक्का होता. एक बुजलेला बांध आम्हाला अखेर सापडला. मागचा डोंगर पडद्यावरच्याशी बरोबर जुळत होता. मी बांधावर चढून ती बाई कुठे उतरली असेल ते बघू लागले. आणि हा गृहस्थ बांधाकडे फिरकलाच नाही. तो बराच लांब, तिवराच्या कडेला गेला, पायाने जमीन चाचपत इकडे-तिकडे सरकला आणि मग एका जागी उभा राहिला. पुढे प्रत्येक खेपेला तेच. मी मनात टिपून ठेवलं की ज्याला आईची जागा माहीत आहे तो माणूस भलतीकडे कशाला उभा राहील?

शेवटी एकदा मी त्याला उलटतपासणीला घेतलंच. सिनेमातला म्हातारा त्याचा आजा, हे गावात सगळेच सांगतात, ते मला मान्य. वाट देणारी त्याची सून, हेही मान्य. शूटिंगवाल्यांनी थांबू नका म्हणून बजावलं असलं, तरी सासरा समोर आल्यावर बांधावरून उतरल्याशिवाय त्या काळची सून राहणार नाही. पण आजाला सुना दोन होत्या, जनूची आई आणि धाकटी हिराकाकी. शिवाय सासऱ्याच्या समोर फिदीफिदी हसणारी सून मी तरी ऐकलेली नाही. हे सगळं त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"नको पास करू क्लेम," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.

त्याचे दिवस झाल्यावर काही आठवड्यांनी मी हिराकाकीला भेटायला गेले. ती आता अंगणातच बसून असते, कानाने थोडी कमी, पण नजर चांगली. खरं सांगायचं तर मी चौकशीलाच गेले होते. जनू नाही म्हणून फाइल बंद करावी, हे मला जमत नव्हतं. मी फोनवर तो प्रसंग लावला आणि काकीपुढे धरला. बाई बांधावरून उतरली, हसली, आणि मी चित्र थांबवलं.

"मीच हाय ती," काकी म्हणाली. काही लपवायचं असल्यासारखं अजिबात बोलली नाही. जाऊ गेल्यावर पोर रडायचं राहीना, म्हणून तिनेच त्याला सांगितलं होतं की पिक्चर येईल त्यात तुझी आई दिसेल.

मला वाटलं होतं तेच निघालं, आणि मला मुळीच बरं वाटलं नाही. जन्मभर तो माणूस चुकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला... मी तसं बोलूनही गेले असेन, कारण काकीने मान हलवली.

"त्याला म्हाईत होता. पोरीच्या लग्नात मीच सांगितला. रागावला नाय. येवढाच इचारला, काकी, मंग माजी आई कुटं होती?"

त्याची आई त्या दिवशी टोपली घेऊन रांगेत उभी राहिली होती. पण कॅमेऱ्याचं धूड बघून जनूने भोकाड पसरलं, आणि शूटिंगवाल्यांनी तिला पोराला घेऊन बाजूला व्हायला सांगितलं. तिची टोपली मग हिराकाकीच्या डोक्यावर आली. सासऱ्याला वाट द्यायला ती पाण्यात उतरली, तेव्हा समोर कॅमेऱ्याशेजारी जाऊ उभी होती, कडेवर बोंबलणारं पोर, आणि ती हिच्याकडे बघून हसत होती. म्हणून ही हसली.

जनूच्या मुलीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली. आमच्या चकरा त्यानंतरच्या. म्हणजे तिवराच्या कडेला जाऊन जनू बांधाकडे तोंड करून उभा राहायचा, ते जिथे आईने त्याला कडेवर घेतलं होतं त्या जागी. मला त्याने हे का सांगितलं नाही, कोण जाणे. मी पुरावा मागितला असता.

काकी अजून फोनकडेच बघत होती. आपल्या तरुण चेहऱ्यावरून तिचं बोट सरकलं, काचेच्या कडेपर्यंत आलं, आणि कडेवरून खाली उतरून फोन धरलेल्या माझ्या मनगटावर टेकलं.

"इथं," ती म्हणाली. "इथं उबी होती."