कनवटीची कॅप्सूल

पुतण्याच्या मुंजीच्या जेवणात, मुंजीचा चौरंग करून देणारे सुतार शंकरराव माझ्या काकांशेजारच्या पाटावर बसले, तसे सोवळं नेसलेले काका म्हणाले, "तुम्ही मटण खाता ना? पलीकडच्या पंगतीत बसा." शंकरराव उठून पलीकडे गेले. मी मान खाली घालून ताटातलं मीठ बघत राहिलो.

काकांनी चित्राहुती घातल्या, कनवटीची कॅप्सूल काढून गिळली आणि भातावर तूप ओढून घेतलं. भातातल्या पिष्टाची साखर करायला लाळ तोंडातच सुरुवात करते, कुणाच्याही तोंडात, जात न विचारता. तूप फोडायला मात्र स्वादुपिंडाचा रस लागतो, आणि काकांचं स्वादुपिंड कधीच थकलंय. म्हणून तो रस कॅप्सूलमधून. माझं औषधांचं दुकान आहे. ती कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते हे मला ठाऊक आहे. काकांनी कधी विचारलं नाही. सोवळं धोतराला असतं, आतड्याला नसतं.

जेवण झाल्यावर काकांनी ढेकर दिली. "सोवळ्यातलं अन्न बघ कसं पचतं!"

"पचणारच, काका," शेवटी मला राहवलं नाही, "आत डुक्कर राबतंय."