चोरटे तीन घास

माझ्या मुलीला तिच्या मामाच्या आधी मी भरवलं. एकदा नाही, तीनदा. आमच्याकडे उष्टावणाचा पहिला घास मामाचा, आणि तोवर बाळाच्या तोंडात अन्नाचं शीतही जाऊ द्यायचं नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी मी ते केलं, आणि तेही स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन.

कारण साधंच होतं. मला चारचौघांत शोभा करून घ्यायची नव्हती. सासूबाईंनी उष्टावण पाचव्या महिन्यात धरलेलं. मुलींचं विषम महिन्यात, पाचव्यात किंवा सातव्यात, आणि सासूबाईंना कुठलंही काम मागे ठेवायला आवडत नाही. ठाकुर्लीच्या आमच्या दोन खोल्यांत तीस माणसं येणार होती. माझा धाकटा भाऊ घोडबंदर रोडहून चांदीची वाटी घेऊन येणार होता. आणि मुलगी पाच आठवडे आधी जन्मलेली, हाताला अजून हलकीच लागणारी. ऐन वेळी हिनं तोंडच उघडलं नाही तर? म्हटलं, एकदा रंगीत तालीम घेऊन बघू.

पहिल्या दिवशी नाचणीचं सत्त्व पातळ शिजवून चमच्याच्या टोकावर दिलं. तिनं जिभेनं ते जसंच्या तसं बाहेर ढकललं. मी हनुवटीवरून निपटून पुन्हा आत घातलं, तिनं पुन्हा बाहेर. दोन दिवसांनी पेज. तीही बाहेर. मग केळं कुस्करून दिलं, तेव्हा तिनं असं काही तोंड केलं की एरवी मी पोट धरून हसले असते. मला घाम फुटला.

आमच्या वरच्या मजल्यावर हिच्यापेक्षा आठवडाभरानं लहान मुलगा आहे. त्याची आई जिन्यात भेटली की सांगायची, ‘आमचा तर वाटी चाटूनपुसून संपवतो हं.’ मला त्या बाईचा इतका राग यायचा की मी कचरा टाकायला जायची वेळ बदलली. राग तिचा नव्हता, मला भीती वाटत होती. माझ्या पोरीला गिळता येत नाही, आधी जन्मल्यामुळे तिच्यात काहीतरी राहून गेलंय, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि कोणाला सांगायचीही सोय नव्हती. सांगायचं म्हणजे आधी चोरी कबूल करायची. नवऱ्यालाही बोलले नाही, कारण त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही, आईजवळ तर अजिबातच नाही.

शेवटी लशीचं निमित्त करून तिला एकटीच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई वयस्कर, शांत. मी खुर्चीत बसायच्या आधीच रडायला लागले.

‘काय झालं?’

‘ही गिळत नाही.’

‘दूध?’

‘दूध पिते. बाकी काही गिळत नाही.’

‘बाकी काही म्हणजे काय काय दिलंत?’

मी सगळं ओकले. नाचणी, पेज, केळं. बाईंनी तिला वजनकाट्यावर ठेवलं, मान बघितली, दोन्ही हात धरून बसवलं. ती लगेच उजवीकडे कलंडली.

‘तुम्ही जेवता तेव्हा ही कुठे बघते?’

‘पंख्याकडे.’

बाई हसल्या. ‘मग पंखाच भरवा. अहो, काहीही झालेलं नाही हिला. वजन छान वाढतंय. इतक्या लहान बाळाची जीभ बाहेरचं काही आलं की ढकलतेच. घशात काही अडकू नये म्हणून ती सोय आहे. त्यात ही पाच आठवडे आधी आलीये, तेवढी सवड तिला द्यायला नको का? सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त दूध. मग तिच्याकडे बघा. टेकवून बसवल्यावर मान स्थिर ठेवते का, तुमच्या ताटाकडे बघते का, घास जवळ आला की तोंड उघडते का. ती सांगेल तुम्हाला.’

मी तिला उराशी धरून रिक्षात बसले आणि घर येईपर्यंत रडत होते. हे रडणं वेगळं होतं. रिक्षावाल्यानं आरशातून बघून विचारलं, ‘ताई, सगळं ठीक ना?’ मी म्हटलं, ‘हो दादा, एकदम ठीक.’

आता राहिल्या सासूबाई. त्या खाली बसून मटार सोलत होत्या. मी समोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं.

‘आई, उष्टावण पुढे ढकलावं लागेल. आणि मी हिला आधीच भरवलंय. तीनदा.’

त्यांचा हात थांबला नाही. दोन-तीन शेंगा झाल्यावर म्हणाल्या, ‘काय भरवलंस?’

‘नाचणीचं सत्त्व, पेज आणि केळं.’

‘गिळलं तिनं?’

‘नाही. सगळं बाहेर काढलं.’

‘मग कसलं उष्टं? पोटात गेलंच नाही तर झालंच नाही ते.’ एवढं म्हणून त्यांनी दाणे माझ्याकडे सरकवले. ‘पाचवा नाही तर सातवा. तोही विषमच. पण अगं, एवढे दिवस एकटीच कुढत बसलीस? मी काय खाणार होते तुला?’

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, मटार सोलले.

तीस माणसांना फोन त्यांनीच केले. भावाला म्हणाल्या, ‘आता तारीखबिरीख नाही. सातव्यात ती तोंड उघडेल त्या दिवशी यायचं. गाडीत पेट्रोल ठेव.’ त्याला वाटलं थट्टा चाललीये.

सहा महिने पुरे झाले. मी रोज जेवताना तिला मांडीवर घेऊन बसायचे. आधी पंखा होताच. मग एक दिवस तिला ताट दिसलं. मग ताटातून तोंडाकडे जाणारे हात दिसले. उशीला टेकवली की आता कलंडायची नाही. भीती पुरती गेली नव्हती, पण मी ओठ आवळून चमच्याला हात लावला नाही. सातवा लागून तिसरा आठवडा चालू होता.

बुधवार होता. दुपारी आम्ही दोघी जेवत होतो. सासूबाईंनी वरणभाताचा घास उचलला आणि हिचं तोंड उघडलं. त्यांनी घास खाल्ला, हिनं तोंड मिटलं. दुसरा घास, पुन्हा उघडलं. तिसऱ्या घासाला ती पुढे झेपावली, दोन्ही हातांनी आजीचं मनगट धरलं आणि ओढायला लागली. सासूबाई हात तसाच हवेत धरून ओरडल्या, ‘अगं बघत काय बसलीस, मामाला फोन लाव!’

भाऊ ऑफिसात होता. ‘ताई, आत्ता? मीटिंगमधून बाहेर आलोय, वाटी तर घरी राहिलीये गं!’

‘वाटी राहू दे, तू ये.’

वाटेतून त्याचे चार फोन आले. मानपाड्याला अडकलेला, मग पुलावर अडकलेला. इकडे आमच्या बाईसाहेब तोंडाशी आलेला घास गेला म्हणून घर डोक्यावर घेऊन रडत होत्या. मी दूध पाजलं, सासूबाईंनी खीर केली. डॉक्टरांनी साखर नको म्हणून सांगितलेलं. ‘खीर म्हणायची, साखर घालायची नाही, झालं,’ म्हणत त्यांनी भात घोटून घोटून अगदी मऊ केला.

साडेतीनला तो आला, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लटकत होतं. हातपाय धुऊन बसला. सासूबाईंनी घाईघाईत दोघांना कुंकू लावलं, मी मुलीला त्याच्या मांडीवर दिलं आणि त्यानं स्टीलच्या चमच्यानं थोडीशी खीर तिच्या ओठांशी नेली.

तिनं तोंड उघडलं. चमचा आत गेला. जीभ हलली, आणि थोडी खीर ओठावर आली. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. मी तिच्या गळ्याकडे बघत राहिले. तो इवलासा गळा वर झाला, खाली झाला.

‘ताई,’ भाऊ हळूच म्हणाला, ‘गिळलं गं तिनं.’

आणि तो चमचा हातात धरून तसाच बघत बसला, तर तिनं पुन्हा तोंड उघडलं आणि त्याच्यावर ओरडली.

सासूबाई हसत होत्या, पदरानं डोळे पुसत होत्या. दुपारचं माझं ताट तसंच पडलं होतं. भात गार होऊन घट्ट झालेला. मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि एक शीतही न ठेवता सगळं जेवले.