'डॉग' ग्रीकमधून आला, लिहून घ्या

भूकंपात घर पडलं आणि आम्ही पत्र्याच्या शेडात राहायला आलो. त्याच शेडात अभ्यास करून मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं, हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

तेव्हा लातुरात गल्लीगल्लीत क्लास निघत होते. एका क्लासला इंग्रजीची बाई हवी होती. निवडीची पद्धत अशी: उमेदवाराने डेमो लेक्चर द्यायचं, पोरं पुढे, पालक मागच्या बाकांवर. पालकांनी माना डोलावल्या की नेमणूक. शेडात आम्ही सहा जण, कमावणारे एकटे आबा. ही नोकरी मला हवीच होती.

मी 'डॉग' हा शब्द घेतला. कॉलेजच्या जाडजूड कोशात तो दोन दुपारी बसून वाचला होता. सांगितलं, आधी इंग्रज सगळ्याच कुत्र्यांना 'हाउंड' म्हणत. 'डॉग' बहुधा एका दणकट जातीपुरता होता. पुढे त्याने सगळी कुत्री बळकावली आणि 'हाउंड'कडे फक्त शिकारी उरली. माना डोलू लागल्या होत्या. तेवढ्यात देगलूरहून पोराला घेऊन आलेल्या एका आडत्याने विचारलं, पण 'डॉग' मुळात आला कुठून?

"ते अजून कोणालाच माहीत नाही," मी म्हणाले.

बाक चुळबुळले. बाईला येत नाही वाटतं, असं आडत्या शेजारच्याला माझ्या कानावर जाईल इतक्या हळू म्हणाला. क्लासचे संचालक मला दाराशी घेऊन गेले.

"मॅडम, आपल्या नोट्समध्ये 'माहीत नाही' हे उत्तर नसतं. ग्रीक म्हणून टाका, नोकरी पक्की."

कोशात नाही ते मी सांगणार नाही, म्हणाले. त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला, आत गेले आणि 'डॉग' ग्रीकमधून आणवला. पोरांनी लिहून घेतलं. आडत्यानेही लिहून घेतलं.

आबा माझ्यासोबत आले होते, शेवटच्या बाकावर बसून सगळं बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, लागली का? मी न्हाई म्हटलं.

"तू बोलत व्हतीस तवा कुणीच लिवून घेतलं न्हाई," आबा म्हणाले. "त्यो बोलला की समद्यांनी लिवलं. त्याला लई येतं वाटतं."

अहमदपूरची एसटी येईपर्यंत मी त्यांना समजावून सांगत होते. त्यांना पटलं नाही.