आत अडकलंय!

चहा आधी संपवा बरं. घोट तोंडात असताना माझा हा घोळ ऐकलात आणि ठसका लागला, तर मी जबाबदार नाही!

मी मूळचा सांगलीकडचा. तारापूरच्या एका कारखान्यात नोकरी, सरावलीत घर, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं लाडकं लाकूड कापायचं मशीन. लोखंडी टेबल, मधल्या खाचेतून वर आलेलं गोल ब्लेड. सासूबाई राहायला आलेल्या. त्यांना मी छातीठोकपणे सांगून बसलो, "देव्हारा मी करतो!" पण सनमायका लावलेलं प्लाय कापलं की कडेचे टवके उडायचे. उंदराने कुरतडल्यासारखी कडा! त्यात देव बसवायचे?

दोष खाचेचा. ती ब्लेडपेक्षा फार रुंद. त्यावर उपाय असा, की खाचेवरची पत्र्याची पट्टी काढून त्याच मापाची लाकडी पट्टी बसवायची आणि मशीन चालू करून ब्लेड खालून हळूहळू वर आणायचं. ब्लेड आपल्यापुरतीच फट कापून घेतं, केसभरही जागा उरत नाही. सोपं आहे ना? मलाही तसंच वाटलं.

पट्टी घासून घासून तयार केली, हातोडीने ठोकून बसवली. मुंगी शिरणार नाही अशी! कौतुकाने मागे सरकलो आणि पाहतो तर काय, या कामासाठीच आणलेलं बारीक दातांचं नवं ब्लेड पाकिटातच! जुनं राहिलं पट्टीखाली. आणि पट्टी उचलायला बोटभर भोकसुद्धा मी ठेवलेलं नाही.

नखं लावली. चिकटपट्टी लावून ओढली. ढिम्म! शेवटी भुसा ओढायच्या मशीनचा पाइप तिच्यावर दाबला. ते घोंघावत असतानाच शेजारच्या जनार्दनकाकांना फोन लावला. काका दातिवऱ्याचे, आवाज खणखणीत, कान मात्र जरा जड.

"काका, ब्लेड आत अडकलंय! पकड घेऊन या!"

"काय? ब्लेडात हात अडकलाय?"

"हो हो, आत! लवकर या!"

काका पकड तेवढी विसरले. बाकी सगळं आणलं. रिक्षा, रिक्षावाला, अर्धी गल्ली! सगळ्यांच्या पुढे माझी बायको, हातात बर्फाने भरलेला स्टीलचा डबा.

"डबा कशाला?"

"बोटं ठेवायला!" ती किंचाळली आणि माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघू लागली.

"भाईसाब, हाथ किधर फँसा है?" रिक्षावाला.

"हात नाही हो, आत! आत!"

काका भडकले. "आमी ताटावरनं उठून धावलो, आन हितं नुसती फळी अडकली हाय?"

"मग खालून ढकला की," बायको म्हणाली. "तो दांडा फिरवला की ब्लेड वर येतं ना?"

मशीन बंदच होतं. दांडा फिरवला. टक्! पट्टी वर.

"मी तेच करणार होतो," मी म्हणालो.

आता गल्लीसमोर इज्जतीचा प्रश्न! ब्लेड बदललं, पट्टी बसवली, ती उडू नये म्हणून वरून आडवी फळी आवळली आणि मशीन चालू केलं. नवं ब्लेड लोण्यातून यावं तसं वर आलं. लगेच देव्हाऱ्याची तळफळी सर्वांदेखत सर्रकन कापली. कडा आरशासारखी! एक टवका नाही! रिक्षावाल्याने चक्क टाळ्या वाजवल्या. मी मान तुकवली.

सासूबाईंनी फळी देव्हाऱ्याच्या तयार सांगाड्यात ठेवून पाहिली. डावीकडे सरकवली, तर उजवीकडे फट. उजवीकडे सरकवली, तर डावीकडे.

"कडा फार सुरेख आलीय हो, जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता देवच जरा बारीक आणू."