बेंचवरचा सीआरपी

तीस वर्षं वार्ताहर होतो, पण फुफ्फुसाच्या कॅन्सरवाल्यांच्या बेंचवर आठ महिन्यांत जेवढे किस्से जमले, तेवढे त्या नोकरीत जमले नाहीत. दर एकवीस दिवसांनी केमोआधी रक्त द्यायचं आणि रिपोर्टची वाट बघायची. माणसं रिकामी बसली की बोलतात.

*

पहिल्याच भेटीत मी डॉक्टरांना विचारलं, हा सीआरपी म्हणजे काय?

"शरीरात कुठं दाह असला की रक्तात वाढतो. कॅन्सरमध्ये सतत जास्त राहिला तर लक्षण बरं नाही. पण दाह कशाचा, ते तो सांगत नाही."

"म्हणजे बातमी अर्धवट. दुसरा सोर्स कोण?"

"पांढऱ्या पेशींचं प्रमाण."

"तेही याच रक्तातून? मग सोर्स एकच झाला. आमच्या संपादकानं फेकून दिली असती असली बातमी."

डॉक्टर म्हणाले, "बाही वर करा."

*

खापा गावचे भाऊराव पहिल्या रिपोर्टनंतर संत्रा बर्फीचा डबा घेऊनच बेंचवर आले. सगळ्यांना वाटली.

"साठ आले ना गा सीआरपीत. फर्स्ट क्लास."

मनीषनगरच्या कुंदाताई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी बर्फी आधी संपवली, मग म्हणाल्या, "भाऊ, इथं दहाच्या खालचा पास होतो."

 भाऊरावांनी डब्याचं झाकण लावलं.

*

एकदा माझा आकडा एकदम वाढला. मी लॅबच्या खिडकीवर जाऊन भांडलो. चूक छापली तर आम्ही शुद्धिपत्र देत होतो, तुम्हीही द्या म्हटलं.

आतली मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, आम्ही फक्त छापलं. मजकूर तुमचाच आहे."

*

सहाव्या डोसाच्या वेळी भाऊरावांचा सीआरपी बारावरून थेट नव्वदवर गेला. स्कॅनमध्ये तर गाठ लहान झालेली. डॉक्टरांनी डोस थांबवला. ताप? नाही. खोकला? नाही. लघवीला जळजळ? नाही. भाऊरावांची बायको, शांताबाई, पदर तोंडाला लावून बसल्या.

त्या दिवशी बर्फी कुंदाताईंनी आणली होती.

"भाऊ, तुम्ही डावीकडूनच काहून चावता?"

"असंच."

"आ करा."

उजवी दाढ किडलेली, हिरडी टम्म सुजलेली. मी आयुष्यभर शोधपत्रकारिता केली आणि बातमी फोडली गणिताच्या बाईंनी.

मी भडकलो. "इतके दिवस दुखत होतं आणि बोलला नाहीत?"

"काय बोलू? डाक्तर म्हनन, दातवाल्याले दाखव. खाप्यात आमच्या घराजवळ दातवाला एकच. तो माहा साळा."

"मग?"

"बारा वर्षांपासून त्याच्याशी बोलणं बंद हाये."

"अहो, डोस थांबला तुमचा!"

"कॅन्सरले तोंड देऊन राहिलो ना मी. त्याच्यापुढं तोंड उघडू काय?"

शांताबाईंनी पदर खाली घेतला आणि भावाला फोन लावला. आमच्या डॉक्टरांना विचारून साळ्यानं गोळ्या सुरू केल्या, दोन दिवसांनी दाढ काढली.

पुढच्या वेळी सीआरपी नऊ. डोस सुरू. भाऊराव नवा डबा घेऊन आले.

"हा साळ्यानं पाठवला. दातवाला बर्फी वाटून राहिला. धंदा पाहून राहिला, दुसरं काही नाही."

एक तुकडा त्यांनी उजवीकडून चावला. मग डबा आमच्यापासून जरा लांब सरकवून दुसरा तुकडा उचलला.