तांदळातल्या नावाचा कागद

आमच्या विधायक, म्हणजे आमदार, इंदुमतीताई धारकर यांनी पंचाहत्तर वर्षं पूर्ण केली. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात माजी सैनिकांच्या घरातल्या कोणीतरी लिहावं असं मंडळाने ठरवलं आणि कार्यकर्ते माझ्याकडे आले. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. ते म्हणाले, बोलता तर येतं ना. ते काही खोटं नाही. म्हणून मी सांगते आहे आणि माझी नात लिहून घेते आहे.

ताईंची आणि माझी ओळख झाली ती मी जिवंत आहे की मेलेली, या प्रश्नावरून.

आमचे यजमान, हवालदार दिनकर साळवी, तोफखान्यात होते. निवृत्त झाल्यावर इथल्या मोठ्या कारखान्यात सुरक्षेच्या कामाला लागले, म्हणून आम्ही भोपाळला आलो आणि अवधपुरीत घर केलं. तोफांनी त्यांचे दोन्ही कान नेले, बाकी माणूस शाबूत आहे. चार वर्षांपूर्वी मला धाप लागू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप खराब झाली आहे, महिन्याच्या आत बदलायला हवी. माजी सैनिक आणि त्याची पत्नी, दोघांनाही उपचाराचं कार्ड मिळतं. यजमानांचं झालेलं होतं, माझं राहिलं होतं. ते करायला आम्ही कार्यालयात गेलो.

तिथल्या बाबूंनी यजमानांचं फौजेतलं पुस्तक उघडलं. त्यात पत्नीचं नाव द्वारका. माझ्या आधारवर सुमन. त्यांनी अदबीने विचारलं, "हवालदार साहब, दूसरी शादी है?" यजमानांना त्यातलं 'शादी' तेवढं ऐकू आलं. छाती पुढे काढून म्हणाले, "जी हाँ. पूरा गाँव आया था."

बाबूंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, पहिल्या पत्नीचं, म्हणजे द्वारकाबाईंचं, मृत्यूचं प्रमाणपत्र घेऊन या, पुढचं बघू. भिंतीला टेकून धापा टाकत मी माझ्याच मरणाचा दाखला कुठे मिळतो याचा विचार करत होते.

द्वारका हे माझं माहेरचं नाव. आपल्याकडे लग्नात ताटभर तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. यजमानांनी 'सुमन' लिहिलं. मला वाचता येईना, नणंदेने कानात सांगितलं. तेव्हापासून मी सुमन. पण रजा संपवून पलटणीत गेल्यावर तिथल्या कारकुनाने बायकोचं नाव विचारलं तेव्हा यांनी सांगितलं द्वारका. का, असं मी कार्यालयातून परतताना विचारलं, तर म्हणाले, "तुला बघायला आलो तेव्हा तेच सांगितलं होतं." इतकी वर्षं मी फौजेत द्वारका होते आणि घरी सुमन. हे मला कळलं ते कोणी माझ्या मरणाचा दाखला मागितला तेव्हा.

ताई सोमवारी नेहरू नगरच्या घरी लोकांना भेटतात, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. गेलो. आमच्याआधी वीस-पंचवीस माणसं होती. ताईंच्या मदतनिसाने माझं ऐकलं आणि सल्ला दिला, "अम्मा, पहली वाली के घरवालों से लिखवा लाओ." पहिलीचे घरवाले म्हणजे माझे भाऊ. त्यांनी मी मेले असं लिहून द्यायचं.

ताईंनी आत बोलावलं. कागद बघितले, मग माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "लग्नात नाव बदललं का?"

मी हो म्हटलं. ताई म्हणाल्या, "मी उज्जैनची शकुंतला. माझ्या मॅट्रिकच्या दाखल्यावर मला आजही कोणी ओळखत नाही. चला."

त्याच दिवशी आम्हाला गाडीत घालून त्या कार्यालयात आल्या. साहेब खुर्चीतून उठले. "मैडम, आपने क्यों तकलीफ़ की? फ़ोन कर देतीं."

"फ़ोन से ये ज़िंदा नहीं होंगी," ताई म्हणाल्या.

साहेबांनी मला विचारलं, "नाम बदलने का कोई काग़ज़ है?"

"काग़ज़ नहीं था साहब, चावल थे," मी म्हटलं. "दूसरे दिन उसका भात हो गया."

साहेब हसले. भले गृहस्थ होते. म्हणाले, "मैडम, आप कह रही हैं तो मैं अभी कर देता हूँ." मी खुर्चीतून अर्धी उठले. आणि ताई म्हणाल्या, "मेरे कहने से मत कीजिए. मेरे कहने से हुआ तो अगली को भी पहले मुझे ढूँढना पड़ेगा. काग़ज़ों में ढूँढिए, मिलेगा."

मी परत बसले. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला ताईंचा फार राग आला. पायऱ्या उतरताना म्हटलं, "ताई, तुमच्याकडे तत्त्वं आहेत. माझ्याकडे एक महिना आहे."

"सुमनवहिनी," त्या म्हणाल्या, "आज तोंडी करून घेतलं तर उद्या दवाखान्यात कोणीतरी विचारील, द्वारका कोण? तेव्हा तुम्ही झोपलेल्या असाल, आणि उत्तर साळवी देतील. चालेल?"

यजमानांच्या उत्तराचा मला ताजा अनुभव होता.

"आठ दिवस द्या," ताई म्हणाल्या.

"सहा देते."

त्यांनी नऊ घेतले. गौरवग्रंथ असला तरी हे यात यायला हवं.

पण त्या नऊ दिवसांत ताईंनी पलटणीच्या जुन्या दफ्तरातून यजमानांचे निवृत्तीच्या वेळचे सगळे कागद मागवले आणि स्वतः एकेक पान उलटून बघितलं. एका पानावर आम्हा दोघांचा फोटो निघाला. खाली लिहिलेलं, द्वारका. आणि त्याखाली माझा अंगठा. मला वाचता येत नसल्यामुळे सांगतील तिथे मी अंगठा उठवत आले होते, आणि आपण कोणाच्या नावाने उठवतो आहोत याची मला खबरही नव्हती. ताईंनी साहेबांपुढे तो कागद ठेवला. "नाव बदललं, अंगठा बदललेला नाही." माझ्या बोटाला शाई लावली, ठसे ओळखणाऱ्या माणसाने दोन्ही ठसे भिंगाखाली धरले आणि एकाच बाईचे आहेत असं लिहून दिलं. सोबत शपथपत्र जोडलं. बाबूंनी दुसऱ्या लग्नाची ओळ रीतसर खोडली. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, सही करता येत नाही तेच बरं झालं.

ताईंनी यजमानांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं, "साळवी, तुमची दुसरी बायको गेली."

"कधी?" यजमान म्हणाले.

झडप वेळेत बदलली. तिसऱ्या दिवशी ताई दवाखान्यात आल्या. फुलं नाहीत, फोटो काढणारा नाही. आल्या आल्या नर्सला विचारलं, औषधं कार्डावरच मिळाली ना, नाव कोणी विचारलं का? कोणी विचारलं नव्हतं. मग यजमानांशेजारी अर्धा तास बसल्या आणि त्यांना तोफखान्याच्या गोष्टी विचारत राहिल्या. ते ऐकत नाहीत, पण सांगतात. त्यांना इतका वेळ सांगू देणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. मीसुद्धा सांगू देत नाही.

ताईंचं खरं काम यानंतरचं आहे. आपल्या लोकांत ही नाव बदलायची रीत घरोघर, आणि सैनिकांच्या बायकांचे कागद भरले जातात कुठल्या कुठल्या मुलखातल्या कारकुनांच्या हातून. ताईंनी शोध घेतला तेव्हा माझ्यासारख्या पुष्कळ जणी निघाल्या. कोणाचा मोतीबिंदू अडलेला, कोणाचं साखरेचं औषध. त्यांनी विधानसभेत हा विषय काढला. नातीने मला ते फोनवर दाखवलं. एक सदस्य हसत म्हणाले, "ये तो महिलाओं के नाम का मामला है." ताई त्यांच्याकडे वळल्या. "सैनिक के घर का मामला है. जिसका नाम ग़लत, उसका इलाज बंद."

कार्ड दिल्लीच्या सरकारचं, त्यामुळे सगळं ताईंच्या हातात नव्हतं. दिल्लीला त्यांनी पत्रं किती पाठवली ते टपालवाला सांगेल. पण आपल्या जिल्ह्यातल्या अर्जावर आता 'विवाह से पहले का नाम' असा एक रकाना आहे आणि शेजारी अंगठ्याला जागा आहे. अवधपुरीत आणि मिसरोदला माजी सैनिकांची शिबिरं लागतात. तिथे ताईंचा नियम एकच, विधवा पुढच्या रांगेत आणि मिशीवाले मागे. एका निवृत्त सुभेदारांनी यावर हरकत घेतली. ताई म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, तुम्ही पिछाडी सांभाळा." ते बसले.

दोषही सांगते, नाहीतर माझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ताईंचं भाषण लांबतं. चहा बिनसाखरेचा पाजतात आणि वर विचारतात, कसा झाला? दुसऱ्याच्या तपासणीची तारीख त्यांना तोंडपाठ, स्वतःचे गुडघे मात्र तीन वर्षं 'अधिवेशन झालं की दाखवते' म्हणून तसेच आहेत.

गेल्या महिन्यात मिसरोदच्या शिबिराला मी यजमानांबरोबर गेले होते. एक म्हातारी आली, एकटीच, आमच्याच बाजूची. हातात पिशवी, पिशवीत कागद. ताई तिला बघून खुर्चीतून उठायला लागल्या, तोवर टेबलामागच्या तरुण बाबूने स्वतःच विचारलं, "अम्मा, शादी से पहले क्या नाम था?" म्हातारीने सांगितलं. त्याने रकाना भरला, अंगठा घेतला, पावती दिली. ती उठली आणि जाताना ताईंनाच विचारू लागली, "बाई, बाहेर जायचा रस्ता कुठून?"

ताईंनी बोटाने रस्ता दाखवला. म्हातारी गेली. ताई कोण हे तिला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायची गरजही पडली नव्हती. ताई परत खुर्चीत टेकल्या आणि बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. इतकं खूश मी त्यांना सत्काराच्या व्यासपीठावरही बघितलेलं नाही.

मी त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे, तेव्हा आशीर्वाद द्यायचा हक्क माझा. इंदुमतीताईंना उदंड आयुष्य मिळो, आणि त्यात असं रिकामं बसायचे दिवस पुष्कळ येवोत. गुडघे या अधिवेशनाआधी दाखवावेत. मी सोबत येईन.